धुतलेला ट्रक

खंडेनवमीला माझ्या जावेनं माझ्या नवऱ्याचा ट्रक धुतला. तिथून हे सगळं सुरू झालं.

ट्रक प्लॅस्टिकचा, वीतभर लांब. नवरा फौजेत ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यावर काही वर्षं एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसला. गुडघे गेले तसं तेही सुटलं. मग दिवसभर घरात. सकाळी पेपर, दुपारी परत तोच पेपर. बेळगावला दिलेल्या आमच्या मुलीला हे बघवलं नाही. तिनं एक खोका पाठवला. खोक्यात ट्रकचे सुटे भाग, काही तर भाताच्या शितापेक्षा बारीक, आणि दोन सैनिक. त्यांचे हात वेगळे, डोकी वेगळी. मी म्हटलं, "ह्या वयात खेळणी?" त्यांनी चष्मा पुसला, खिडकीपाशी टेबल ओढलं आणि बसले. पुढची तीन-चार वर्षं ते तिथंच बसलेले होते म्हटलं तरी चालेल.

ट्रक परदेशी होता, कुठल्या तरी जुन्या लढाईतला. त्यांनी चालवलेला तो हा नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ही माझी गाडी न्हाय, पण तिची भावकी हाय." मग कानस आणि पातं घेऊन त्या भावकीला आपल्या घराण्यात आणायला लागले. पुढचं तोंड बदललं. जुन्या लुंगीचा तुकडा गोंदात बुडवून मागची ताडपत्री केली. कुंभारांकडून प्लॅस्टर आणून लाकडी फळीवर डोंगराचा एक कडा केला, त्याच्या पोटातून रस्ता काढला. रस्त्यावर ट्रक बंद पडलेला. बॉनेट उघडं. एका सैनिकाचं डोकं बॉनेटमध्ये आणि दुसरा बाजूला दगडावर बसलेला, ट्रककडे पाठ करून. ते त्याला देखावा म्हणायचे. गल्लीतली पोरं त्याला किल्ला म्हणायची आणि विचारायची, "आज्जा, महाराज कुठं बसवायचं ह्यात?" ते म्हणायचे, "महाराज ट्रकात बसत न्हाईत. जावा."

ट्रक हिरवागार, नवाकोरा झाला. मला वाटलं संपलं. तर म्हणाले, आता मळवायचा.

हे मला कधी पटलं नाही. मी जन्मभर धूत आले. भांडी, धुणी, फरशी, गोठा, शेवटी सासूचं अंथरूण. आणि हा माणूस चांगली रंगवलेली वस्तू घेऊन तिला भिंगातून बघून बघून घाण लावतोय. स्पंजाच्या तुकड्यानं कडांना ठिपके द्यायचे, रंग उडाल्यासारखे. तांबूस काळा पातळ रंग फटीत सोडायचे, गंज दिसावा म्हणून. रंगीत खडू घासून त्याची भुकटी करायचे, फरशीच्या तुकड्यावर बोटानं मिसळायचे आणि मऊ ब्रशानं लावायचे. मनासारखं झालं नाही की पुसून परत. एकेक मडगार्ड आठवडाभर चालायचं. मी म्हणायचे, "गल्लीत नेऊन ठेवा, फुकटात मळंल." ते म्हणायचे, "ही हितली घाण नव्हं."

कुठली, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. आमच्यात तशी रीतच नव्हती. नोकरीभर वर्षाकाठी दोन महिने सुट्टीवर यायचे. पहिले पंधरा दिवस पाहुण्यांत, मधले दिवस शेतात, आणि शेवटचे ट्रंक भरण्यात जायचे. उरलेलं वर्ष मी इकडं आणि ते तिकडं. कायमचे घरी आले तोवर बोलायची सवय दोघांनाही उरली नव्हती. भांडण नव्हतं. भांडायलासुद्धा थोडी ओळख लागते.

उन्हाळ्यात ते गेले. दवाखान्यात, दोन दिवसांत. देखावा पुरा झाला होता, फक्त शेवटचा फवारा राहिला होता. बिनरंगाचं एक रोगण डब्यात येतं, ते फवारलं की भुकटी धरून बसते, मग हात लागला तरी निघत नाही. डबा आणून ठेवला होता. त्यांचं म्हणणं होतं, अजून बघतो, काही कमी-जास्त असंल.

मी देखावा तसाच टेबलावर ठेवला. आजूबाजूनं पुसायचे, त्याला हात लावायचे नाही. संध्याकाळी चहा घेऊन तिथल्या खुर्चीत बसायचे. फोटोशी बोलणाऱ्या बायका असतात, तसलं मला जमत नाही. मी नुसती बसायचे. घरात कुणीतरी कामात आहे आणि आपण शेजारी बसलोय, एवढंच. ते असतानाही एवढंच होतं.

पहिल्या वर्षी सण केला नाही. दुसऱ्या वर्षी धाकटी जाऊ गडमुडशिंगीहून खंडेनवमीच्या दिवशी सकाळीच आली. आम्ही उचगावात, फार लांब नाही. विधवा बाईनं पूजा करू नये असं तोंडावर कुणी म्हणत नाही आता, पण ताट आपोआप दुसरीच्या हातात जातं. मला त्याचं काही नाही. मी म्हटलं, तू हत्यारं मांड, मी गिरणीत जाऊन येते.

आमच्याकडं खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड घासतात. विळा, खुरपं, कोयता, शिलाई मशीन, सायकल, आता मिक्सरसुद्धा. गाड्या धुऊन हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. मी पिठाचा डबा घेऊन परत आले तर पाटावर विळा, खुरपं, माझा अडकित्ता, त्यांचा जुना पाना, आणि मधोमध ट्रक. हिरवागार. बॉनेटवर हळदीकुंकू. टपावर झेंडूचं फूल, त्यानं अर्धा ट्रक झाकला होता. चाकापुढं लिंबू. लिंबू चाकापेक्षा मोठं होतं.

"आक्का, बघा की कसा चकाकतोय!" जाऊ म्हणाली. "किती राड साठलीवती त्याच्यावर. थोरलं दादा गेल्यापास्नं तुम्ही हात लावला न्हाईसा जणू."

"कशानं धुतलंस?"

"भांड्याच्या साबणानं. दातांचा ब्रश घेऊन कोपरं न् कोपरं काढला. खालचा डोंगर बी नळाखाली धरला. लई माती निघाली, मोरी तुंबलीवती."

"ती माती नव्हती गं."

"मग काय व्हतं?"

मला सांगता येईना. रंग होता, म्हटलं असतं तर खोटं नव्हतं. पण रंग तर अजून होता, हिरवा. गंजाचे डाग पक्क्या रंगाचे, तेही फटीत तसेच होते. गेली होती ती वरची धूळ. चार वर्षांचं काम मोरीतून गटारात गेलं होतं आणि तिथं गटारातल्या घाणीत मिसळलं होतं.

माझं तोंड बघून जाऊ घाबरली. "सणाच्या दिशी गाडी घाण ठेवत्यात व्हय, आक्का? दादांची गाडी हाय ती."

तिचं खरं होतं. तिच्या जागी मी असते तर मीही घासली असती, आणि तिच्यापेक्षा बरी. मी म्हटलं, "जेवून घे." ती जेवली, दोनदा रडली, आणि जाताना उरलेला झेंडू घेऊन गेली.

संध्याकाळी चहा घेऊन खुर्चीत बसले, तर टेबलावर नुसतं खेळणं होतं. दुकानात असतं तसं. कडा पांढराफटक पडला होता. दगडावर बसलेला सैनिक आंघोळ करून बसल्यासारखा दिसत होता. कुणी कामात नव्हतं. मी एकटी होते आणि ते मला पहिल्यांदा नीट कळलं.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, नवीन मागवून देऊ का? तसाच खोका मिळतोय अजून."

"आन् मळवणार कोण? तुझा सासरा?"

मग तिला म्हटलं, तुझ्याकडं ह्याचा फोटो असंल तर धाड. तिनं होता तो पाठवला. फोटोत बल्बचा उजेड, सगळं पिवळं दिसणारं, आणि ट्रकवर त्यांचा हात. फोटो काढतेय म्हटल्यावर माणूस जसा वस्तूवर हात ठेवून बघतो तसा. ट्रकचं फक्त मागचं चाक दिसत होतं. हात मात्र स्पष्ट आला होता, अंगठ्याच्या नखात भुकटीसकट.

मी ठरवलं, धूळ परत लावायची. जशी होती तशी. त्यांच्या भुकट्या होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत होत्या, तांबडी, पिवळी, पांढरी, काळी. पण मिश्रण कशात किती, हे त्यांच्या बोटात होतं. आणि मी चार वर्षं रोज ती धूळ बघितली होती, तरी डोळे मिटले की मला ती दिसेना. धूळ होती एवढंच आठवायचं.

मग मला जी घाण ठाऊक आहे ती मी लावली. ओढ्याकाठची काळी माती आणली, चाळली, तव्यावर भाजून कोरडी केली, गोंदात कालवली आणि चाकांना, खालच्या अंगाला, मडगार्डाच्या आतून लावली. हात थरथरतो, पण चिखल थरथरत लावला तरी चिखलासारखाच दिसतो. काम बरं झालं असं वाटलं. ते "ही हितली घाण नव्हं" म्हणायचे, ते मला आठवत होतं. पण दुसऱ्या कुठल्या घाणीशी माझी गाठच नव्हती.

बरोबर झालंय का, हे सांगणारा एकच माणूस उरला होता. त्यांच्याबरोबर फौजेत गाडी चालवणारा त्यांचा दोस्त, पेठ वडगावचा. मयताला आला होता, नंतर नाही. मी ट्रक फडक्यात गुंडाळला, स्टीलच्या मोठ्या डब्यात बसवला आणि कोल्हापूरच्या स्टँडवरून वडगावची एसटी धरली. डबा मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "आज्जी, डबा खाली ठेवा की. लाडू हाईत काय?"

"ट्रक हाय."

"आँ?"

"ट्रक. मिलिटरीचा."

त्यानं माझ्या शेजारच्या माणसाला हात केला. "पावणं, जरा सरका तिकडं. आज्जींचा ट्रक पार्क करायचाय." सगळी गाडी हसली. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी माझ्याशी कुणी चेष्टा केली होती.

दोस्ताचं घर बाजाराच्या मागं, पुढच्या खोलीत मुलाचं पेंडीचं दुकान. म्हातारा एका कानानं बहिरा, त्यामुळं सगळ्यांशी ओरडूनच बोलतो. "वैनी! एकट्याच आलासा? सांगावा धाडायचा, मी आलो असतो की!" सून चहा ठेवून गेली. मी डबा उघडला. त्यानं ट्रक दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांजवळ नेला, फिरवला, खालून बघितला.

"ही गाडी कुठनं आली? उसाच्या फडातनं?"

"का?"

"कारखान्याला ऊस टाकून आल्यागत दिसतीया. वैनी, तिकडं पाऊसच पडत न्हाय. चिखल बघायला मिळंना आम्हांस्नी."

"मग काय असतंय?"

"धूळ. लडाख म्हंजे नुसती धूळ. ओळीनं गाड्या जायच्या. पुढची उडवती, मागचा खातो. तुमचं मालक कायम माझ्या मागं. म्हंजे माझी समदी धूळ त्यानं खाल्ली बघा." तो मोठ्यानं हसला.

मी त्याला खंडेनवमीचं सांगितलं. लिंबाचं ऐकून त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "चिखल खालनं वर चढतो. धूळ वरनं खाली बसती. तुम्ही चाकं मळवलीसा. मळतं ते टप, बॉनेट, मडगार्डाची पाठ. आन् दाराची मूठ, पायरी, हितं धूळ न्हायच. हितं हात-पाय लागून लागून रंग गुळगुळीत."

"रंग कसला धुळीचा?"

त्यानं विचार केला. पेंडीच्या पोत्यांकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. "जोंधळ्याचं पीठ घ्या. त्यात चुलीतली राख मिसळा. तसला."

मी घरच्या देखाव्यातल्या दोन सैनिकांचं सांगितलं, एकाचं डोकं बॉनेटात, दुसरा दगडावर पाठ करून बसलाय म्हणून. म्हातारा लगेच म्हणाला, "त्यो हाच. आन् बॉनेटात डोकं घातलेला मी. गाडी बंद पडली की ह्यो हात लावायचा न्हाय. लांब जाऊन बसायचा. मी शिव्या घालायचो. म्हणायचा, 'तिला जरा एकटं सोड, व्हईल चालू.'"

"व्हायची?"

"एखाद्या बारीला व्हायची की."

माझ्याशीही त्यांची तीच पद्धत होती. मी काही ते बोलून दाखवलं नाही. पण एवढं आलेच आहे तर विचारून घ्यावं, म्हणून विचारलं, "तिकडं हे घरचं काय बोलायचं?"

म्हाताऱ्यानं चहाची बशी खाली ठेवली. "खोटं कशाला सांगू, वैनी? काय न्हाय. आमच्यात कुणीच बोलत नव्हतं. घरचं काढलं की रात काढाय जड जायाची."

त्यानं गोड खोटं सांगितलं असतं तर मी उठून आले असते. सांगितलं नाही, म्हणून दुसरा कप घेतला.

घरी येऊन चिखल काढायला घेतला. लावायला सोपा, काढायला कठीण. सुईनं उकरून, ओल्या कापसानं पुसून, जमेल तेवढा काढला. मग धूळ. आधी मी म्हाताऱ्याचं म्हणणं तसंच्या तसं केलं. जोंधळ्याचं पीठ आणि राख. सकाळी बघते तर मुंग्यांची रांग टेबलाच्या पायावरून थेट बॉनेटात. दोन सैनिक आणि शंभर मुंग्या, लढाई बरी दिसत होती. सगळं परत झाडलं. पिठाच्या जागी त्यांच्या बाटलीतली पिवळी आणि पांढरी भुकटी घेतली. पाणी तापवायच्या बंबातली राख जुन्या मलमलीतून दोनदा गाळून घेतली. ब्रशानं लावून बघितलं, फराटे दिसायचे. मग सुचलं, धूळ वरून बसते म्हणतो ना, तर वरूनच बसू दे. मलमलीच्या पुरचुंडीत भुकटी बांधली आणि ट्रकच्या वर धरून टिचकी मारत राहिले, रांगोळीचा रंग फडक्यातून पाडतात तशी. खिडकी लावून घेतली. पंखा बंद. श्वाससुद्धा बाजूला तोंड करून.

तेव्हा ती बसली. टपावर जाड, बाजूंना विरळ, ताडपत्रीच्या घड्यांत भरलेली. दाराच्या मुठीवरची बोटानं पुसली, पायरीवरची पुसली. कड्यावर, रस्त्यावर तीच पाडली. दोन्ही सैनिकांच्या खांद्यांवर, टोपीवर. बसलेल्याच्या पाठीवर जरा जास्त.

हे काम बरेच दिवस चाललं. एकदम होत नाही, थोडं पाडायचं, उजेडात बघायचं, परत थोडं. त्या दिवसांत दुपार कधी गेली कळायचं नाही. भाजी करपायची. शेजारीण दारातून म्हणायची, "म्हातारीला आज्ज्याचं याड लागलं." मी म्हणायचे, "तुला लागंल तवा बघू."

शेवटी फवाऱ्याचा डबा हातात घेतला आणि ठेवून दिला. एकदा फवारलं की बदलता येत नाही. न फवारावं तर पुढच्या सणाला कुणीतरी घासणार. म्हाताऱ्याला फोन केला, एकदा बघून जा म्हटलं.

तो आला. काठी दाराशी टेकवली, चपला काढल्या आणि तसाच टेबलाशी गेला. खाली वाकायला येईना म्हणून मी खुर्ची दिली. बराच वेळ बघत होता. मी आपली चहाला आधण ठेवून आले, तरी तो बघतच होता.

"एक चूक हाय," मग म्हणाला. "काच."

"काचेवर धूळ नसती?"

"असती की. पण मग गाडी कशी चालवायची? वायपर कधीचंच गेलेलं. भायेर हात काढून, हातमोज्यानं एवढं एवढं पुसायचं." त्यानं हवेत छोटी भाकरी काढली. "ड्रायव्हरच्या तोंडापुढं. तेवढ्यातनंच बघायचं."

ते मुळात होतं का, ट्रक धुतला जायच्या आधी? मला आठवलं नाही. त्यानं देखावा कधी बघितलाच नव्हता. विचारायला तिसरं कुणी नव्हतं. मी काडीला कापूस गुंडाळला, ओला केला आणि काचेवर उजव्या अंगाला गोल पुसला.

म्हातारा पुढं सरला. "आता आत बघा, स्टेअरिंगला दोरी गुंडाळलीया का. थंडीत हात चिकटायचं लोखंडाला, म्हणून त्यो दोरी गुंडाळायचा. न्हाय म्हंजे, केली असंल तर."

मी मोबाइलची बॅटरी लावली आणि त्या गोलातून आत बघितलं. स्टेअरिंग हरभऱ्याएवढं. त्याला दोरा गुंडाळलेला होता, माझ्या शिलाईच्या डब्यातला खाकी दोरा. आणि त्याच्या खाली, सीटवर, पाय ठेवायच्या पत्र्यावर धूळ होती. केबिन बंद होतं. जावेचा ब्रश तिथं गेला नव्हता. एका कोपऱ्यात पाण्याचा ओघळ आला होता, बाकी सगळी जागच्या जागी.

त्यांची धूळ. माझ्यापेक्षा पिवळी, आणि जरा तांबूस.

मी मोबाइल म्हाताऱ्याच्या हातात दिला. त्यानं एक डोळा मिटून बघितलं. पुन्हा बाहेरची धूळ बघितली. पुन्हा आत.

"वेगळी हाय," मी म्हटलं.

"हाय."

"म्हंजे माझी चुकली."

त्यानं मोबाइल माझ्या हातात परत दिला. "आतली धूळ आन् भायेरची धूळ कधी एक नसती, वैनी. आतली बुटाबरबर येती, जिथं मुक्काम पडला तिथली. भायेरची रस्त्याची." मग म्हणाला, "बदलायची असली तर बदला. आता रंग सापडलाय तुम्हांस्नी."

तो खरं बोलत होता की मला सांभाळून घेत होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मन राखायला बोलणारा माणूस तो नव्हे, वडगावला मी बघितलं होतं. पण म्हातारपणी माणसं बदलतातही. एवढं मात्र होतं की पिवळी आणि तांबडी बाटली हाताशी होती, नमुना डोळ्यांपुढं होता, आणि सगळं झाडून परत पाडायचं तर अजून महिनाभर दुपारी भरल्या असत्या. मला ते हवंही होतं. तेच जास्त हवं होतं, धुळीपेक्षा. म्हणूनच मी बाटल्यांना हात लावला नाही. असं एकदा सुरू केलं तर मी मरेपर्यंत मळवत आणि पुसत बसले असते.

"मागं पेपर धरा," मी म्हटलं.

त्यानं दोन्ही हातांनी पेपर पसरून धरला. मी डबा हलवला, आत गोळी खडखडली, आणि टपापासून सुरुवात करून एकदा तिकडून, एकदा इकडून फवारलं. रोगणाच्या वासानं त्याला खोकला आला, पण पेपर हलू दिला नाही. सगळं थोडा वेळ ओलं, काळपट झालं. मला वाटलं, गेलं. मग वाळत वाळत धूळ परत वर आली. मी बोट लावून बघितलं. बोटाला काही आलं नाही.

म्हाताऱ्यानं चहा घेतला, काठी घेतली. दारात वळून म्हणाला, "येतो वैनी. डबा घेऊन या परत वडगावला."

"आता कशाला येऊ? काम झालं."

"व्हय, ते बी खरंच," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. "झालं का गं? कसं दिसतंय?"

"मळकं."

ती हसली. "बाबांनी केलं होतं तसंच झालं का?"

"न्हाय. आतलं त्यांचं राहिलंय, भायेरचं माझं. पण आता कुणी धुतलं तरी जायाचं न्हाय."

मागं तिच्या घरातला कुकर वाजत होता. मग म्हणाली, "आई, मग आता दिवसभर काय करणार?"

मी म्हटलं, बघू. तिचा कुकर पुन्हा वाजला, तिनं फोन ठेवला. मी बाटल्यांची बुचं घट्ट केली, मलमल धुऊन दोरीवर टाकली, टेबल पुसलं. मग खुर्चीत बसले. ट्रक समोर होता. दुपारची उन्हं अजून खिडकीच्या खालीच होती आणि चहाला वेळ होता.